प्रश्नासकट उत्तर

शिट्टी वाजली ती थेट तिच्या कानात.

"बूट," मागून कुणीतरी म्हणालं.

ती दचकून वळली. एका खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, दुसऱ्या खांद्यावर कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड, दातांत धरलेलं पेन. समोर एक उंच, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल, आणि नजर तिच्या पायांवर अशी, की जणू ती कुणाच्या अंथरुणावर चढली आहे.

तिने पेन काढलं. "काय?"

"बूट."

"बुटांचं काय?"

त्याने नुसतं भिंतीकडे बोट केलं. जलतरण तलावाच्या त्या जुन्या, पोपडे उडालेल्या भिंतीवर पाटी होती – 'बूट बाहेर'. पाटीसुद्धा त्याच्यापेक्षा एका शब्दाने बोलकी होती.

तलावाच्या काठाला धरून दहाबारा मुलं लोंबकळत होती. काहीतरी मजेचं घडणार हे मुलांना नेहमीच आधी कळतं. तिने बूट काढले, आणि मजेचं घडलं. एक मोजा निळा होता, दुसरा तपकिरी, आणि तपकिरीतून अंगठा बाहेर डोकावत होता. मुलं खदाखदा हसली. तो हसला नाही. पण ओठांचा एक कोपरा जरासा… हलला असावा. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ओल्या फरशीवर तिच्यासाठी अंथरला.

"काही गरज नाही," ती फणकारली, आणि टॉवेलला वळसा घालून तरातरा निघाली.

ओली फरशी आणि फणकारा यांचं कधीच जमत नाही. तिचा पाय सटकला. त्याने झेप घेतली, हात पुढे केला आणि हवेतल्या हवेत पकडली… कॅमेऱ्याची बॅग. ती स्वतः धप्पकन खाली बसली.

"अहो!" ती ओरडली. "मला धरायचं सोडून बॅग धरलीत?"

तो क्षणभर विचारात पडला. मग खुलासा केल्यासारखं म्हणाला, "महाग."

हा माणूस आपल्याला अजिबात आवडणार नाही, हे तिने तिथेच, त्या ओल्या फरशीवर बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

*

वस्तीत तिला सगळे 'बातमीवाली' म्हणत. मोठ्या वाहिन्यांना जिथे काहीच दिसत नाही, तिथे तिला बातमी दिसायची. कुणाच्या दारात गटार तुंबलं, कुठल्या गल्लीतला दिवा गेला, कुणाची मांजर हरवली आणि कुणाच्या माळ्यावर सापडली. सुरुवात केली तेव्हा ती कोपऱ्यावरच्या फळ्यावर हाताने लिहिलेला कागद चिकटवायची. मग छापलेलं पान आलं, मग दर आठवड्याला लोकांच्या फोनवर जाणारं दहा मिनिटांचं बातमीपत्र, आणि मग माहितीपट. सगळ्यात गाजला तो मागच्या गल्लीतल्या तुटक्या पायऱ्यांवरचा. प्रभाग कार्यालयातल्या एका बाईंनी स्वतः येऊन तिला प्रशस्तिपत्र दिलं, डोळे पुसले, आणि परत जाताना त्याच पायऱ्यांवर अडखळल्या. माहितीपट सुरेख झाला होता. पायऱ्या अजून तशाच होत्या.

"तुझ्या फिल्मा बघून लोक रडतात," आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "पण रडून झालं की त्याच पायऱ्या उतरून घरी जातात."

हे वाक्य तिला फार लागायचं, कारण ते खरं होतं. म्हणून या वेळी तिने मनाशी गाठ बांधली होती. कार्यालयाने तलावाच्या फाटकावर नोटीस लावली होती: तलाव पाडून तिथे गाड्यांसाठी वाहनतळ करायचा बेत आहे, हरकती असल्यास जाहीर सुनावणीत मांडाव्यात. वस्तीला बोलायला दहा मिनिटं मिळणार होती. दहा मिनिटांत वस्तीतल्या कुणाचं प्रास्ताविकही संपत नाही. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, आपण कुणी बोलायचं नाही, बातमीवालीची फिल्म बोलेल.

फिल्ममध्ये कोण बोलणार, हाही प्रश्न नव्हता. वस्तीतलं प्रत्येक पोर ज्याच्या हाताखाली पोहायला शिकलं, तो शिट्टीमास्तरच बोलायला हवा होता. आणि आजवर नुसता नावानेच ऐकलेला शिट्टीमास्तर म्हणजे 'बूट' आणि 'महाग'.

तिच्या जोडीला होती आत्या. आत्याने सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली होती. लोकांचे फोन जोडून देता देता तिचे कान असे तयार झाले होते, की दोन घरं पलीकडे दुधाला उकळी आली तरी तिला आधी कळायचं. निवृत्त झाल्यावर तिने कानांवर हेडफोन चढवले, लांब दांड्याला बांधलेला माइक हातात घेतला आणि भाचीच्या कामात रुजू झाली.

"हे बघा मास्तर," पहिल्या मुलाखतीच्या दिवशी बातमीवालीने त्याला समोर बसवून, लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. "माझ्या फिल्ममध्ये माझा आवाज नसतो. कधीच नाही. मी विचारते तो प्रश्न नंतर कापून टाकते. म्हणून उत्तर देताना प्रश्न उत्तरातच घ्यायचा. म्हणजे मी विचारलं, 'तुम्ही काय करता?' तर नुसतं 'शिकवतो' नाही म्हणायचं. 'मी या तलावावर मुलांना पोहायला शिकवतो,' असं सगळं म्हणायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं. लक्षात आलं?"

"हो."

"'हो' नाही. 'हो, माझ्या लक्षात आलं.'"

त्याने मान डोलावली.

"बरं. तुम्ही इथे किती वर्षं शिकवताय?"

"बारा."

"बारा काय? बारा वाजले? बारा पोरं आहेत तुम्हाला?"

"वर्षं."

आत्याच्या हातातला दांडा गदगदा हलू लागला. हसू दाबायच्या नादात तिने माइक पार पाण्याला टेकवला.

"आत्या!"

"मी कुठं काय बोलले?"

"पुन्हा. तलाव बंद झाला तर तुम्हाला काय वाटेल?"

तो पाण्याकडे बघत राहिला. बराच वेळ. काठावरच्या जाळीत पाणी गुळगुळ करत होतं. त्याचे ओठ उघडले… तिने श्वास रोखला…

"वाईट," तो म्हणाला.

तिने डोळ्यांवर हात घेतला. "या माणसाशी बोलण्यापेक्षा नळाशी बोललेलं परवडलं. निदान तो गळतो तरी!"

*

पण कामाला माघार माहीत नसते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. दारापाशी रबरी चपलांचा नवा जोड ठेवलेला होता. तिने पाय घातला, तर तंतोतंत.

"हे कुणाचं?"

"तुमचं."

"माझं माप तुम्हाला कसं कळलं?"

"पाऊल," तो म्हणाला, आणि फरशीकडे बोट केलं.

काल ती ओल्या पायांनी इथून गेली होती. सुकण्याआधी ते पाऊल कुणीतरी वाकून बघितलं होतं, वितीने मोजलं होतं. ती काहीतरी खोचक बोलायला गेली आणि तिला काही सुचलंच नाही. हे तिच्या बाबतीत फारसं घडत नसे. म्हणून ती आणखीच चिडली.

ती मुलांच्या मुलाखती घ्यायची, आयांच्या घ्यायची. आया तर इतक्या बोलत, की कॅमेऱ्याची बॅटरी संपायची पण आयांचं संपत नसे. आणि मागे, प्रत्येक दृश्यात, तो पाण्यात कमरेएवढा उभा असायचा. एखाद्या भेदरलेल्या पोराच्या पाठीखाली तळहात धरायचा आणि म्हणायचा, "सैल." मग "श्वास." मग "पाय." पोर नाकातोंडात पाणी जाऊन रडकुंडीला आलं की त्याच शांतपणे, "पुन्हा." आवाज कधी चढत नसे. त्याला पोराचा वैताग आलाय, असं तिला एकदाही दिसलं नाही. तिलाच सगळ्या जगाचा वैताग यायचा. पंप मध्येच सुरू व्हायचा, पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमायचा, काचेवर वाफ धरायची. मात्र ती आली की तो काही न सांगता जाऊन पंप बंद करून यायचा, हे तिच्या जरा उशिरा ध्यानात आलं. आत्याच्या पहिल्या दिवशीच आलं होतं.

"तू पाण्यापासून चार हात लांब का उभी राहतेस गं?" आत्याने एकदा विचारलं.

"कॅमेरा भिजेल म्हणून."

"पोहता येत नाही," तलावातून आवाज आला.

तिने रागाने बघितलं. "हे एवढं मोठं वाक्य बरं जमलं हो तुम्हाला!"

"उतरा," तो म्हणाला.

"मी इथे कामाला आलेय."

त्याने जरा विचार केला आणि एक बोट वर केलं. "एक धडा… एक वाक्य."

"म्हणजे? मी पोहण्याचा एक धडा घेतला, की तुम्ही मला कॅमेऱ्यासमोर एक अख्खं वाक्य देणार?"

"हो."

"प्रश्नासकट?"

"हो."

तिने आत्याकडे बघितलं. आत्या छपराकडे बघत होती.

असा तो सौदा ठरला. पहिल्या धड्यात ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि सगळा वेळ बोलत राहिली. पाणी थंड का आहे, जमीन इतकी निसरडी का, हे लोक पाण्यात काय टाकतात, माणसं यात मुद्दाम कशाला उतरतात. तेवढ्यात एक लाट तोंडात गेली.

"तोंड," तो म्हणाला.

"काय तोंडाचं?"

"बंद."

बाहेर येऊन, ओले केस पंच्यात गुंडाळून, तिने कॅमेरा लावला. "द्या माझं वाक्य."

तो नीट बसला. घसा साफ केला. "तलावातलं पाणी," तो म्हणाला, "सकाळी थंड असतं."

"हे… हे काय वाक्य झालं?"

"पूर्ण आहे."

आत्याने हेडफोन काढले आणि पोट धरून पायरीवर बसली.

दुसऱ्या धड्याचं वाक्य होतं, 'उन्हाळ्यात मुलं जास्त येतात.' तिसऱ्याचं, 'टोपी घातलेली बरी.' घरी जाऊन ही वाक्यं एकामागून एक ऐकताना तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं. एवढं पाणी प्यायल्यावर हाती काय, तर टोपी! तरी दुसऱ्या दिवशी ती रबरी चपला पायांत सरकवून हजर असायची. वाक्यासाठीच, अर्थातच.

मग एका सकाळी, बोलून बोलून दमल्यावर, ती पाठीवर टेकली. कान पाण्याखाली गेले, आणि जग एकदम मिटलं. मुलांचा कालवा नाही, छपराचा घुमारा नाही. नुसता आपलाच श्वास. वर पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन हलत होतं. पाठीखाली एक तळहात होता. त्या सगळ्या शांततेतून एकच शब्द तिच्यापर्यंत पोचला… "सैल." तिने अंग सोडलं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की तळहात केव्हाच निघून गेलाय आणि ती तरंगतेय.

त्या दिवशीचं वाक्य त्याने कॅमेरा लावण्याआधीच देऊन टाकलं. ती केस पुसत होती, तेव्हा तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही बुडायला घाबरत नव्हता. गप्प बसायला घाबरत होता."

तिने पंचा डोक्यावरून काढलाच नाही. आतल्या आत तिचा चेहरा तापला होता, आणि ते कुणाला दाखवायची तिची तयारी नव्हती.

*

सुनावणीच्या आदल्या सकाळी तलावावर कुणी नव्हतं. मुलं शाळेत होती. पंप बंद होता. पाणी आरशासारखं. फिल्म बाकी सगळी तयार होती, फक्त तिचा गाभाच नव्हता. ती कॅमेऱ्यामागे बसली. खरं सांगायचं तर तिने आशा सोडली होती.

"शेवटचं विचारते," ती म्हणाली. "तुम्ही रोज इथे का येता?"

त्याने गळ्यातली शिट्टी काढून बाजूला ठेवली.

"मी रोज इथे का येतो, असं तुम्ही विचारताय," तो म्हणाला.

आत्याचा दांडा हवेत थबकला.

"आपल्या वस्तीतल्या खोल्या तुम्हाला ठाऊक आहेत. माझीही तशीच आहे. हात पसरले, की कुणाच्या तरी नाकाला लागतात. मुलं अंग चोरून झोपतात, अंग चोरून अभ्यास करतात. इथे येतात तेव्हा पाण्यातही अंग चोरूनच उभी असतात. मी म्हणतो, सैल. मग एक दिवस ते पोर पाठीवर तरंगतं… आणि हात पसरतं. पूर्ण. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ते कुणालाच लागत नाहीत. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तो बघायला मी रोज येतो."

त्याने श्वास घेतला. ती हलली नाही.

"मी कमी बोलतो म्हणून तुम्ही चिडता. पण कान पाण्यात असले, की वाक्य पोचत नाही. शब्द पोचतो. म्हणून मी एकेक शब्द वापरत गेलो, आणि मग तीच सवय लागली. काठावर कुणी माझं अख्खं वाक्य ऐकायला थांबेल… असं वाटलं नव्हतं. तुम्ही थांबलात."

छपराच्या फटीतून पाण्यावर एक पान पडलं. त्याची लहानशी गोल लहर काठापर्यंत आली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ती कशीबशी म्हणाली. आणि मग उठून चक्क नाचलीच. "आत्या! मिळालं! सगळं मिळालं!"

आत्याने हेडफोन काढून तिच्या कानांवर चढवले. "ऐक."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांना मुलाखत घ्यायला शिकवायची, तेव्हा पहिला धडा हाच असायचा – समोरचा बोलत असताना फक्त मान हलवायची. 'हं' म्हणायचं नाही. आपला 'हं' त्याच्या शब्दावर सांडला, की तो शब्द कामातून गेला. दोन्ही आवाज एकमेकांत कालवले जातात, वेगळे काढता येत नाहीत. तिच्या एकाही फिल्ममध्ये तिचा एकही 'हं' नव्हता. बातमीत बातमीवाली दिसता कामा नये, याचा तिला अभिमान होता.

तिने ऐकलं. '…कुणाच्या तरी नाकाला लागतात.' हं. '…अंग चोरूनच उभी असतात.' हं. 'आणि हात पसरतं.' हंऽ. प्रत्येक वाक्यावर तिचा आवाज. सुरुवातीचे 'हं' कामाचे होते. मधले मऊ होत गेले होते. आणि 'तुम्ही थांबलात' याच्यावरचा शेवटचा 'हं'… तो ऐकून तिचेच कान लाल झाले.

"थांबवलं का नाहीस मला?"

"मी टेलिफोनवाली गं. चालू बोलणं मध्येच तोडायची सवय नाही मला," आत्या म्हणाली. "आणि इतकं चांगलं लागलेलं असताना तर नाहीच."

ती त्याच्याकडे वळली. रडवेली झाली होती. "मास्तर… पुन्हा. अगदी तसंच. प्लीज."

त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "मुलं… हात पसरतात." थांबला. "लागत नाहीत." आणखी थांबला. "छान वाटतं."

*

घरी आईच्या शिलाई मशीनशेजारी तिचा संगणक असायचा. एकीकडे कापड कापलं जायचं, दुसरीकडे चित्र. त्या दुपारी ती 'हं' कापायला बसली. पण 'हं' कापला की त्याखालचं 'पसरतं' जायचं, 'बघायला' जायचं. राहायचं ते नुसतं अडखळणं. शेवटी तिने टेबलावर डोकं टेकलं.

आई कान देऊन ऐकत होती. "हा कोण बोलतोय?"

"पोहायला शिकवतो."

"आणि ही हं हं करणारी कोण?"

"…मी."

आईने दातांनी दोरा तोडला. "बरं."

"बरं काय?"

"काही नाही. बरं." आईने मशीनवरचं कापड उलटं करून दाखवलं. "हे बघ. भोक पडलंय ते लपवायला गेलं, की ठिगळ केविलवाणं दिसतं. मग मी ते उठून दिसेल असंच लावते. लोकांना वाटतं, नक्षी आहे. तुला त्याचं बोलणं वाचवायचंय की स्वतःची अब्रू?"

"तलाव वाचवायचाय."

"मग राहू दे की."

तिने सगळे 'हं' राहू दिले. आणि डोळे मिटून फिल्म पाठवून दिली.

*

सुनावणीच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. वर मंचावर अध्यक्ष साहेब, त्यांच्या एका बाजूला चष्मा लावलेले एक कारकून आणि दुसऱ्या बाजूला त्या प्रशस्तिपत्रवाल्या बाई. शिट्टीमास्तर शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याचा हात सारखा गळ्याकडे जात होता, आणि तिथे शिट्टी नव्हती.

दिवे मंद झाले. पडद्यावर पाणी आलं, मुलं आली, आया आल्या. मग तो आला. 'मी रोज इथे का येतो, असं तुम्ही विचारताय…' आणि पहिला 'हं' सभागृहभर घुमला. कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्या 'हं'ला बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. तिसऱ्यापर्यंत मात्र हसू थांबलं. लोक ऐकू लागले. शेवटचा 'हं' आला आणि दिवे लागले.

"फिल्म चांगली आहे," बाई म्हणाल्या. "पण मला एक सांगा, ते हं हं कोण करत होतं?"

"बातमीवाली ताई!" सगळी मुलं एका सुरात ओरडली.

अख्खं सभागृह मान वळवून तिच्याकडे बघू लागलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. जमीन काही दुभंगली नाही. सरकारी इमारत होती. त्यासाठीही अर्ज लागला असता.

अध्यक्ष साहेबांनी घसा खाकरला. "भावना कळल्या. पण व्यवहारही बघायला हवा. अर्ध्या तासावर याहून मोठा तलाव आहे. मुलांना बसने नेता येईल. मग वस्तीत हा कशाला? मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

मास्तर उठला. चालत मंचापर्यंत आला. तिने डोळे मिटले. देवा, निदान आज तरी एक अख्खं वाक्य.

"हात," तो म्हणाला.

"काय?"

"पसरा."

साहेबांनी गोंधळून इकडेतिकडे बघितलं. मुलं टाळ्या पिटू लागली. साहेब कसनुसं हसले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. एका हाताने कारकुनांचा चष्मा उडाला, दुसऱ्याने बाईंच्या पुढ्यातला पाण्याचा पेला कलंडला.

सभागृह हसून हसून आडवं झालं. मास्तर हसला नाही. त्याने वाकून चष्मा उचलला, शर्टाने पुसला, कारकुनांच्या हातात दिला. मग म्हणाला, "वस्तीतल्या मुलांचं घरी रोज हे असं होतं, साहेब. तुम्हाला आज कळलं. अर्ध्या तासावरचा तलाव रोजचा होत नाही. हा होतो."

साहेबांनी आपली ओली बाही पिळली. मग तिघांची डोकी एकत्र आली. कुजबुज झाली. आणि ठरलं ते असं – तलाव पाडण्याचा बेत मागे घ्यायचा; गाड्यांसाठी मागच्या पडीक गोदामाची जागा बघायची; तलावाच्या दुरुस्तीचा अंदाज मागवायचा.

"आणि हो," बाई रुमालाने टेबल पुसत म्हणाल्या, "मागच्या गल्लीतल्या त्या पायऱ्या. त्याही घ्या. माझी आणि त्यांची जुनी ओळख आहे."

*

त्याच संध्याकाळी ती तलावावर गेली. सुनावणीनंतर फिल्मला एक नवा शेवट हवा होता, नुसत्या पाण्याचा. आत्या पलीकडच्या पायरीवर दांडा धरून, हेडफोन लावून, डोळे मिटून बसली होती.

तो काठावर पाय सोडून बसला होता. ती त्याच्या शेजारी धपकन बसली.

"मला तुमचा भयंकर राग आलाय," ती म्हणाली.

"का?"

"त्या साहेबांना लगेच एवढी वाक्यं? आणि मला 'टोपी घातलेली बरी'? इतकी तडफडले मी एकेका वाक्यासाठी! किती पाणी प्यायले! सगळ्या वस्तीसमोर माझं हसं झालं. आत्ता येताना भाजीवालासुद्धा मला बघून 'हं' म्हणाला, माहितीये?"

त्याने सूर मारायच्या आधी घ्यावा, तसा खोल श्वास घेतला.

"फिल्म संपली," तो म्हणाला. "आता तुम्हाला इथे यायला काही कारण उरलं नाही. मी सकाळपासून त्याचाच विचार करतोय. तुम्ही आला नाहीत, तर पंप कुणासाठी बंद करू? मला वाटतं… तुम्हाला रोज इथे यायला एक कारण असावं. आणि ते कारण मी असावं. कायमचं. तुम्हाला चालेल का?"

बातमीवालीच्या डोक्यात हजार शब्द एकदम उठले आणि दारात अडकले. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. "असं नाही चालत."

"काय?"

"प्रश्न उत्तरात घ्यायचा," तो गंभीरपणे म्हणाला. ओठांचा तो एक कोपरा मात्र आता चांगलाच हलत होता. "नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं?"

"इथे कोण बघतंय?"

"मी."

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. पाण्यातले पाय गारठले होते, गाल तापले होते. आणि या माणसाला एक सणसणीत चापट मारावी, की त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं, हे तिचं ठरत नव्हतं.

"मला रोज इथे यायला एक कारण हवंय," ती एकेक शब्द मोजत म्हणाली. "आणि ते कारण तुम्ही असावं, कायमचं, असं मला… तुम्ही मला सोडून बॅग पकडलीत ना, त्या दिवसापासून वाटतंय. म्हणूनच इतका राग येत होता. झालं समाधान?"

पलीकडच्या पायरीवरून आवाज आला.

"मध्येच पंप लागला गं. 'कायमचं' नीट नाही आलं. पुन्हा घ्या."

"आत्या! तू हे रेकॉर्ड करतेयस?"

"मी पाणी रेकॉर्ड करतेय. तुम्ही त्याच्यात बोललात, त्याला मी काय करू?"

तिने हताशपणे दोन्ही हात पसरले. डावा हात थेट त्याच्या नाकाला लागला. त्याने तो तसाच धरून ठेवला, आणि तळहातावरच्या एखाद्या पोराला सांगावं तसं, अगदी मऊ आवाजात म्हणाला,

"पुन्हा."

तिने पुन्हा सांगितलं. सावकाश, पहिल्यापासून, प्रश्नासकट. आणि या वेळी तिच्या प्रत्येक वाक्यावर तो 'हं' म्हणत गेला… मुद्दाम मोठ्याने, थेट माइकमध्ये जाईल असा.